चिंबोऱ्यांच्या टोपावरचे झाकण

मी एक जुने पितळी झाकण आहे. तांबटाने मला ठोकून घडवले तेव्हा वाटले होते, आता आयुष्यभर दूध-खिरीवर बसायचे. नशिबी आला रेवदंड्याच्या नीराबाई कोळिणीचा चिंबोऱ्यांचा टोप.

मित्रांनो, चिंबोरी म्हणजे खेकडा. मेलेली चिंबोरी लगेच नासते आणि बाधते, म्हणून ती जिवंतच उकळत्या पाण्यात टाकत. मग ती खालून मला धडका देई. मी खडखडले की नीराबाई म्हणत, "जिती हाय," आणि निर्धास्त होत. त्या आवाजाचे शेजारीही कौतुक करीत. मीही तोऱ्यात असे.

मला दाबून धरायचे काम नव्या सुनेचे. राही लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिने माझ्यावरचा हात काढून घेतला.

"आय, तिला दुखतंय."

"रगत न्हाय, आवाज न्हाय, तिला काय दुखतंय?"

"मंग धडपडते कशाला?"

नीराबाईंनी चुलीत लाकूड सारले.

१९३१ साली राहीचा नवरा धर्मा तापाने अंथरुणाला खिळला. अन्न जाईना. चिंबोरीचा रस्साच त्याला उभा करील, असे सगळे म्हणाले. राहीने सासूच्या पाठीमागे चिंबोरी आधी सुरीने झटकन मारली, मग टोपात टाकली. मी गप्प.

नीराबाई धावत आल्या. "मेलेली घातलीस? माज्या पोराला मारशील!"

"जितीच व्हती, आय. आत्ता मीच मारली."

"मी खडखड आयकली न्हाय."

त्या रस्सा ओतून द्यायला निघाल्या. राहीने वाट अडवली, वाटी भरली आणि त्यांच्यासमोर पिऊन टाकली. दोघी संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिल्या. राहीला काही झाले नाही. तेव्हा नीराबाईंनी तोच रस्सा गरम करून मुलाला पाजला. त्याने आणखी मागितला.

वाद काही मिटला नाही. "चिंबोरीला काय कळतं," असे नीराबाई शेवटपर्यंत म्हणत. पण पुढच्या खेपेला चिंबोऱ्या आल्या, तेव्हा सुरी त्यांनीच राहीच्या हातात दिली आणि स्वतः तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

माझे खडखडणे थांबले, कौतुकही सरले. मग जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, हलके टोप आले आणि मी माळ्यावर गेले. त्याचे मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, मी पितळेचे. दुखणे काय असते, ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून सांगते, ज्याला ओरडता येत नाही त्याला दुखतच नाही, असे एवढ्या खात्रीने म्हणू नका.