खऱ्या सुताची सोयरीक

आमच्या खलील शहरात मुलगी मागायला गेलं की वडीलधाऱ्यासमोर कॉफीचा कप येतो, पण मागणी मान्य झाल्याशिवाय तो कपाला ओठ लावत नाही. कप तसाच ठेवून पाहुणे उठले, की संपलंच. त्या पाहुण्यांच्या घराला मग कुणी मुलगी देत नाही. मी आईविना वाढवलेल्या माझ्या भाच्यासाठी, सुहैबसाठी, आम्ही रवानच्या घरी गेलो तेव्हा माझा सगळा जीव त्या एका कपात अडकला होता.

बाहेर पुरुष, आत आम्ही बायका. पडदा बोटभर सरकवून मी बघत होते. आमच्याकडचे वडीलधारे हाजी मुतलक डोक्यावरचा काळा-पांढरा रुमाल, म्हणजे हत्ता, सारखा करून, घसा खाकरून म्हणाले, "अबू शाकिर, तुमची रवान आमच्या सुहैबला द्या."

रवानचा बाप जन्मभर मागावर हत्तेच विणत आलेला. त्यानं हाजींच्या तोंडाकडे बघितलंच नाही, डोक्याकडे बघितलं.

"हाजी, हा हत्ता सुती?"

"म्हणजे काय! अस्सल!"

"मग एक धागा काढू?"

त्यानं धागा ओढून लायटरवर धरला. सूत जळलं की राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. हा मेला वितळला, आणि काळा मणी होऊन टपकन बशीत पडला.

"पॉलिस्टर," अबू शाकिर म्हणाला. "ज्याच्या डोक्यावरचं सूत खोटं, त्याचा शब्द खरा कसा मानू? खरं सूत असेल त्यानंच मागावी."

शहाणी माणसं हसली असती आणि विषय बदलला असता. पण आमचे पुरुष! एकेकानं हत्ता काढून पुढे केला. "माझा जाळा!" "आधी माझा!" मणी बशीत पडले, सतरंजीवर पडले, एक तर थेट हाजींसमोरच्या कॉफीच्या कपात बुडाला. अबू हुसनींचा धागा पेटला आणि खोलीभर केस जळाल्याचा वास सुटला. "लोकर! अस्सल लोकर!" सगळे ओरडले. मिशी पेटली होती त्यांची.

हाजी चिडले. "आता तुमचा काढा, अबू शाकिर!"

"काढा की. स्वतःच्या हातानं विणलाय मी."

त्याचाही मणी झाला.

अबू शाकिर मटकन खाली बसला. "कारखान्याचा मालक सूत म्हणून द्यायचा," तो पुटपुटला, "मी सूत म्हणून विणत राहिलो. आता मी तरी कुठल्या तोंडानं मुलगी देऊ?"

झालं! मागायला कुणी नाही आणि द्यायलाही कुणी नाही. हाजी चपला शोधायला लागले. दाराशी सुहैब, तोंड एवढंसं झालेलं. इकडे रवाननं माझी बाही घट्ट धरली. "आत्या, काहीतरी करा ना!"

मी पडदा सारून बाहेरच गेले. "चूल पेटवता येत नाही एकालाही, आणि निघालेत सूत जाळायला! घे, हा जाळ." डोक्यावरच्या पांढऱ्या ओढणीचा धागा मी तोडून दिला.

त्याची राख झाली. कागदाचा वास आला.

अबू शाकिर उठला, ओढणीचं टोक चिमटीत चोळून बघायला लागला. "हाज्जा, हे कुठलं कापड?" म्हणत त्यानं काठ उलटला. आतली अक्षरं मी जन्मभर दुमडून लपवली होती.

"मदतीच्या पिठाची गोणी," मी म्हणाले. काय करणार, सांगावंच लागलं. "लढाईत गाव सुटलं, तेव्हा निर्वासितांच्या तंबूत आईनं शिवली. शुभकार्याला हीच घेते मी. किती धुतली, तरी ती मेली अक्षरं जात नाहीत."

त्यानं चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, "विक्रीसाठी नाही."

कुणी हसेल म्हणून मी वाट बघितली. कुणी हसलं नाही.

"तर मागते मी," मी म्हणाले. "दे बाबा तुझी रवान."

त्यानं काठ पुन्हा नीट दुमडून माझ्या हातात दिला. "माझी रवानही विक्रीसाठी नाही, हाज्जा," तो म्हणाला. "म्हणून तुम्हाला देतो."

हाजींनी लगेच कपाकडे हात नेला. मी हातावर फटका मारून तो बाजूला केला. "मागणी कुणी केली?"

आणि ती गारढोण कॉफी मी एका घोटात प्यायले. तळाशी काहीतरी टणक दाताखाली आलं. मी सुहैबकडे बघितलं आणि गिळून टाकलं.