बाबांचा बुधवार

"या गल्लीत सात दिवस अन्नाचा एक कणसुद्धा वाया जाणार नाही. गेला तर हा फ्रीज मी एकटा पाठीवर घेऊन चार मजले चढेन," असं बाबांनी जाहीर केलं आणि मोठ्या ऐटीत टेबलाचा खण ओढला. खणात बटणांच्या डब्यामागे त्यांनी गेल्या महिन्यात अर्धं खाऊन ठेवलेलं सफरचंद होतं. आता त्याला सफरचंद म्हणणं कठीण होतं. बाबांनी खण हळूच लावून टाकला. म्हणाले, हे धरायचं नाही, हे योजनेच्या आधीचं आहे.

बाबा शिंपी. दुकान तळमजल्यावर आणि आम्ही त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर. योजना अशी की आमच्या घरातला फ्रीज दुकानाबाहेर फुटपाथवर मांडायचा. ज्याच्याकडे जे उरेल ते त्याने आत ठेवायचं, ज्याला हवं त्याने न्यायचं. आई बाहेर गेलेली बघून बाबांनी चार माणसं लावून फ्रीज खाली उतरवलासुद्धा. ती परत आली तेव्हा स्वयंपाकघरात फ्रीजच्या जागी धुळीचा एक चौकोन होता आणि त्यात माझी पहिलीत असताना हरवलेली चप्पल.

आई ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हाच बाबा घाबरतात. चार जिने उतरून तिने शांतपणे अट घातली. सात दिवसांत काहीही सडलं नाही तर फ्रीज गल्लीचा, ती पुन्हा त्याचं नाव काढणार नाही. एक वस्तू जरी सडली तर फ्रीज घरात. "आणि वर कसा आणायचा ते तुम्ही बोलूनच बसलाय," ती म्हणाली.

शनिवारी सुरुवात झाली. शेजारच्या बेकरीवाल्या काकू उरलेले पाव आणून ठेवायच्या. समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मुलांनी नाकं मुरडलेलं सूप पातेलंभर पाठवायच्या. अर्ध्या तासात सगळं साफ. आमचं दूधही साफ, कारण ते तरी दुसरीकडे ठेवणार कुठे? रविवारी माझं डोळ्यांत घालायचं औषध कुणीतरी नेलं. ते कशावर ओतून खाल्लं, अजून कळलेलं नाही. अडचण एकच होती. दुकानात प्लग एकच, त्यामुळे बाबांची इस्त्री चालू झाली की फ्रीज बंद.

दोन दिवस बिनदुधाचा चहा प्यायल्यावर बाबांनी धंद्यातली अक्कल लढवली. शिवायला आलेल्या प्रत्येक कपड्याला ते चिंधी टाचतात, तिच्यावर कपडा कधी मिळणार तो वार. सोमवारी त्यांनी फ्रीजमधल्या प्रत्येक वस्तूला चिंधी लावली. लाल चिंधी म्हणजे आमचं, हात लावू नका. पांढरी म्हणजे सगळ्यांचं, आणि वर सुबक अक्षरात 'बुधवारपर्यंत संपवा'. पावालासुद्धा टाचणी मारली. एका आजोबांना ती दातात सापडली, पण ते बिचारे म्हणाले, बत्तिशी नकली आहे, चालायचंच.

घोळ झाला तो इथे. बाबांचा बुधवार आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. एका गिऱ्हाइकाने लग्नासाठी शिवायला टाकलेला कोट त्याला मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला घालायला मिळाला, तोही पोटावर बसेना. बाबा बुधवार म्हणाले की माणसं मनातल्या मनात आठ दिवस मिळवतात आणि निवांत घरी जातात. त्यामुळे मंगळवारी येणारा जाणारा फ्रीज उघडायचा, चिंधी वाचायचा, गालात हसायचा आणि दार लावायचा. इतकी काय घाई आहे?

बुधवारही तसाच गेला. गुरुवारी बाबांनी शाळेचे सोळा गणवेश इस्त्रीला काढले आणि फ्रीज दिवसभर गरम राहिला. शुक्रवारी, म्हणजे सातव्या दिवशी, दुकानात वास सुटला. बाबा म्हणाले, गटाराचा आहे. मग म्हणाले, नवीन कापडाचा आहे. गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून मापं देत होती.

दुपारी आई दुधाला उतरली. तिने फ्रीज उघडला आणि सोमवारच्या सुपाचं पातेलं बाहेर काढून बाबांच्या कापायच्या टेबलावर, सरळ चांगल्या कापडावर ठेवलं. सुपावर हिरवी मखमल आली होती. बाबांनी सवयीने ती दोन बोटांत धरून पाहिली.

आईने काकूंना हाक मारली आणि विचारलं, रोज तर पातेलं चाटूनपुसून जायचं, मग याला कुणी हात का लावला नाही?

काकूंनी चिंधी वाचली. "यांनी बुधवार लिहिलाय ना गं," त्या म्हणाल्या, "मग अजून पाच दिवस आहेत की."

 चिंधीवर स्वच्छ लिहिलं होतं, असं काहीतरी बाबा पुटपुटले. काकूंनी त्यांना आपल्या ब्लाउजची आठवण करून दिली. तो तिसऱ्या बुधवारावर होता.

"चला," आई म्हणाली, "वाका आता."

बाबा वाकले. फ्रीज पाठीला टेकला तेवढ्यानेच त्यांना 'एकटा' हा शब्द मागे घ्यावासा वाटला. मग काकूंचा भट्टीवाला खालून ढकलायला आला आणि कोटाच्या अस्तराचा पट्टा करून बाबा आणि मी वरून ओढायला लागलो. जिना मी आधीच मापलाय, बाबा म्हणाले, अर्धा इंच मोकळा राहतो. मापही बरोबर होतं. फक्त फ्रीजच्या दाराची मूठ मापात धरायची राहिली होती.

फ्रीज तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधल्या वळणावर अडकला. तो ना वर येतो ना खाली जातो. बाबा आणि मी त्याच्या वरच्या बाजूला आहोत. दुकान, बेकरी आणि आई खालच्या बाजूला. बुधवारपर्यंत निघेल, असं बाबांनी वरून सांगितलं आहे. फ्रीजचं दार खालच्या बाजूला उघडतं, म्हणजे तो अजून गल्लीचाच आहे.