दुसऱ्या कुशीवर

तपकिरी कुत्री चार दिवसांत तिसऱ्यांदा दवाखान्यात आली, तेव्हा डॉक्टरीणबाई पार थकून गेल्या होत्या. सकाळपासून घोटभर पाणी प्यायलाही उसंत मिळाली नव्हती. कुत्रीला घेऊन आलेली बाईही काही कमी दमलेली नव्हती. घरात थकलेले सासरे, त्यांचं सगळं तिच्याच अंगावर.

"पाणीसुद्धा पोटात ठरत नाही हिच्या," ती म्हणाली. "तुमच्या दोन इंजेक्शनांनी काडीचा फरक नाही."

डॉक्टरीणबाईंनी कुत्रीला उजव्या कुशीवर निजवून पोटाचा एक्स-रे काढला. पडद्यावर पाण्यानं भरलेलं जठर दिसलं, सगळं एकसारखं करडं. अडकलेलं काही दिसेना.

"जठराला सूज असावी. अजून एक इंजेक्शन देते."

"डाव्या कुशीवर नाही घ्यायचा?" जनावरं धरणाऱ्या मावशींनी विचारलं. वीस वर्षं त्या हेच काम करत होत्या.

"मावशी, तो शिशाचा एप्रन पुन्हा चढवायचा म्हणजे माझ्या कंबरेचे हाल!" बाई खेकसल्या.

मावशी कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत नुसत्या उभ्या राहिल्या. बाई ओशाळल्या आणि एप्रनकडे वळल्या.

कूस बदलली तसा जठरातला वायू सरकून आतड्याकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी जमला. त्या काळ्या पोकळीत वाटीसारखं काहीतरी उठून दिसलं.

"अगंबाई! हे तर मामंजींच्या काठीच्या टोकाचं रबर!" सून पडद्यावर वाकली. "कुठं हरवलंत म्हणून मी त्यांना नको नको ते बोलले हो." मग स्टुलावर बसून तिनं पदरानं डोळे पुसले.

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी कुत्री शेपूट हलवत पातळ खाणं चाटायला लागली.

"तुमचे उपकार कसे फेडू?" सुनेनं विचारलं.

"मावशींना सांगा. मी तर इंजेक्शन टोचून घरी पाठवणार होते तिला."

ती गेल्यावर बाईंनी महिन्याभराचे एक्स-रे उघडले. एकाच कुशीवर काढलेले सात निघाले. त्यांनी एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या दोन घरची जनावरं बरी होती. तिसऱ्या घरी, मांजरवाल्यांकडे, कुणी उचलेना.

"चहा घ्या आधी," मावशी म्हणाल्या.

"घेते," म्हणत त्यांनी तोच नंबर पुन्हा लावला.