सगळं पाठवा

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. लोक म्हणतात कॉम्प्युटरनं घोटाळा केला. कॉम्प्युटरची काय बिशाद!

नव्याण्णव सालची गोष्ट. नगरला सावेडीत माझं वेबसाईट करून द्यायचं ऑफिस होतं आणि एका वधूवर मंडळाची साईट हातात होती. मजकूर आधी ऑफिसातल्या मशीनवर भरायचा, तपासायचा, मग तयार झालेल्या पानांवर खूण करून टेलिफोनच्या लाइनवरून पुण्याच्या सर्व्हरवर पाठवायचा. तिकडं गेलं की जगाला दिसलं. ऑफिसातल्या मशीनवर मात्र आमचा मोकळा कारभार. ट्रायलला नावं कुठून आणायची? समोर बसलेल्यांची टाकायची! ‘जमलेली लग्नं’ या पानावर मीच टाकलं होतं: महेंद्र साळवे आणि रेश्मा म्हस्के, फोटोसकट. दोघं माझ्याकडेच कामाला. महेंद्र तिसगावचा, बौद्ध. रेश्मा आमच्या जातीतली, तिचा भाऊ श्रीमंत नागापूरच्या एका कारखान्यात फोरमन. पान बघून दोघंही हसले होते.

त्या दिवशी लाइन तीनदा तुटली. चौथ्यांदा लागली तोवर माझं डोकं फिरलेलं. एकेका पानावर खुणा कोण करत बसतो? ‘सगळं पाठवा’ दाबलं आणि चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी अकराला श्रीमंत चौघांना घेऊन टेम्पोतून उतरला. हातात लोखंडी पाइप. कुणा मित्रानं ते पान छापून त्याच्या हातात दिलं होतं. पहिला पाइप महेंद्रच्या मॉनिटरवर बसला, दुसरा त्याच्या पाठीत.

“दादा, ते खोटं हाय! नुसतं ट्रायलचं हाय!” रेश्मा मधे पडली. श्रीमंतनं तिला अशी थोबाडीत दिली की ती खुर्चीसकट भिंतीवर आदळली.

“आधी ते काढ!” तो माझ्यावर ओरडला. माझं मशीन शाबूत होतं. मी पान पुसलं, पुन्हा सगळं पाठवलं, उघडून बघितलं तर पान तसंच! इकडं पुसलेलं तिकडं आपोआप पुसलं जात नाही, हे त्या घाईत मला सुचलंच नाही.

“आमाला येड्यात काढतो व्हय? कुनी टाकलं हे?”

माझ्या तोंडून निघालं, “महेंद्रनं.”

हो, मीच म्हणालो. आग लागो या जिभेला. दोघांनी त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि श्रीमंतनं पाइप घातला. एकदा नाही, चारदा. हाडं मोडलेली मला ऐकू आली. महेंद्र किंचाळत होता आणि माझ्याकडंच बघत होता.

दवाखान्यात मीच नेला. संध्याकाळी त्याची आई विमलबाई तिसगावहून आली, माझे हात धरून रडली. “साहेब, तुमी हुता म्हनून माझं लेकरू वाचलं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात हवालदार जबाब घ्यायला आला. “पान कुणी टाकलं?”

महेंद्रनं डोळे उघडले. “साहेबांना इचारा,” म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

थाप मारता आली असती. “मी टाकलं,” मी म्हटलं. “आणि मार पडताना याचं नाव घेतलं तेही मीच.”

विमलबाईंनी माझे हात सोडले आणि खाडकन कानाखाली वाजवली. मग दुसरी. हवालदार मधे पडायला उठला.

“बसा हो तुम्ही,” मी म्हटलं. “मारू द्या त्यांना.”