मार्येताचे थेंब

पाण्याची तिसरी बाटली संपली तरी येर्नेयला लघवी होईना. शर्यत संपून तास झाला होता. तळ्याकाठच्या उत्तेजक-तपासणीच्या खोलीत तो ओल्या कपड्यांतच बसला होता.

"दोन किलोमीटर सात मिनिटांत वल्हवलेस, आणि इथे पेलाभर जमत नाही," मार्येता म्हणाली. चेष्टा तिची नेहमीचीच होती, पण आज ती हसली नाही.

"तू बघत बसलीस तर कसं होणार, मावशी?"

मार्येता क्लबची मालिशवाली. येर्नेय बारा वर्षांचा होता तेव्हापासून त्याची पाठ तिच्या हाताखालची. वसंतात ती पाठ आखडली, तेव्हा तिने घरचे थेंब दिले. परसात भांगेची रोपं, त्यांचं तेल काढायचं, जिभेखाली दहा थेंब. तिच्या आईचे गुडघे यावरच चालले होते. खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांच्या यादीत तिने स्वतः पाहिलं होतं, भांगेतल्या सीबीडीला, दुखणं कमी करणाऱ्या भागाला, बंदी नाही. ती निर्धास्त झाली.

आज सकाळी कॉफीच्या रांगेत दुसऱ्या संघाचा डॉक्टर कुणाला तरी सांगत होता. शुद्ध सीबीडी चालतो, पण घरी काढलेल्या तेलात सगळं झाड उतरतं, नशेचा भागसुद्धा. शर्यतीच्या दिवशी तो जास्त सापडला की पदक गेलं आणि वर बंदी. मार्येता रांग सोडून धक्क्याकडे धावली. येर्नेय तोवर नावेत बसलेला होता. काल झोपताना तिनेच त्याला थेंब दिले होते.

शेवटी एकदाचा पेला भरला. अधिकाऱ्याने अर्ज पुढे ओढला.

"गेल्या सात दिवसांत काय घेतलंत? औषधं, पूरक, काहीही."

"व्हिटॅमिनच्या गोळ्या. बाकी काही नाही."

तो खोटं बोलत नव्हता. मावशीचे थेंब त्याच्या लेखी औषध नव्हतेच, मधासारखे घरचेच होते. गप्प बसलं तर कदाचित निभावेल, असं मार्येताला वाटलं. पण नमुन्यात सापडलं, तर पोरगा लबाड ठरेल. तिला भीती वाटत होती, पोरासाठी आणि स्वतःसाठीही.

"थेंब लिहा," ती म्हणाली. "भांगेच्या तेलाचे. रोज रात्री दहा, कालही."

"कोणत्या कंपनीचे?"

"कंपनी नाही. माझ्या परसातले. माझं नाव लिहा."

"मावशी, ते कशाला?"

"तू गप्प बस, येर्नेय."

निकाल तीन आठवड्यांनी येणार होता. प्रशिक्षक बोरुत तेवढा थांबला नाही.

"किल्ली दे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "निकाल लागेपर्यंत पोरांना हात लावायचा नाही. कुणालाच."

तिने मालिशच्या खोलीची किल्ली काढून दिली.

बसथांब्यावर येर्नेय येऊन शेजारी बसला. पदक त्याने खिशात कोंबलं होतं.

"पाठ कशी आहे?" तिने विचारलं. हात सवयीने त्याच्या खांद्याकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"दुखतेय," तो म्हणाला.