किंकाळीकाकू

"अहो, कडी काढा!"

"हात पोचला असता तर काढली नसती का? पाय हलत नाहीये. हलायला गेलो की जीव जातोय." बाथरूमच्या दाराआडून नवऱ्याचा आवाज आला. आधी धप्प झालं होतं, मग बादली गडगडली होती.

काकूंनी दाराला खांदा लावला. दारही नवऱ्यासारखंच हट्टी. शेवटी त्या जिन्यात गेल्या आणि जिवाच्या आकांताने किंचाळल्या.

कुणी आलं नाही. खालून शिंपीणबाई तेवढ्या ओरडल्या, "काकू, टीव्ही जरा बारीक करा हो! शिलाई वाकडी जातेय माझी!"

घ्या. जन्मभर टीव्हीवरच्या रहस्यमालिकांना किंकाळ्या पुरवल्या, त्याचं हे फळ. दिवाणखान्यात प्रेत सापडायचं, नायिका नुसता आ वासायची, आवाज काकूंचा. नायिकेचा घसा बसायला नको ना! काकूंचा बसला तर कुणाच्या बापाचं काय जातं? शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवर प्रेताचंसुद्धा नाव यायचं, किंकाळीचं कधी नाही. आता कुठल्याशा चॅनेलने त्या जुन्या मालिका पुन्हा लावल्या होत्या. जेवणं उरकली की सगळ्या मजल्यांवर काकू एकदम किंचाळायच्या, आणि इमारतीने कौतुकाने त्यांचं नाव ठेवलं होतं किंकाळीकाकू. नवरा तेवढा एकही भाग बघायचा नाही. किंकाळी जवळ आली की उठून गॅलरीत. लाज वाटते मेल्याला, काकूंनी कधीच ठरवून टाकलं होतं.

त्या पुन्हा किंचाळल्या. या खेपेला समोरचं दार उघडलं. निवृत्त हेडक्लार्क टाळ्या वाजवत बाहेर आले.

"वा काकू! अजून तीच धार! जिन्यातल्या खुनाचा भाग ना? खुनी माळी निघतो."

"अहो, माझा नवरा पडलाय!"

"हां हां, हेच वाक्य! पण ती हे म्हणताना पायरीवर बसते."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लांडगा आला म्हणणारं ते पोर निदान खोटारडं तरी होतं. त्यांनी कुणाला फसवलं होतं? सांगितलं तेव्हा, सांगितलं तसं किंचाळल्या, एवढंच. आणि आता खरी वेळ आली तर घशातून निघाली तीच, नायिकेला दिलेली. दुसरी आणायची कुठून?

त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"हेडक्लार्कसाहेब, तुमच्याकडे हातोडी आहे का?"

साहेबांच्या टाळ्या हवेतच राहिल्या. रहस्यमालिकेत कुणी हातोडी मागत नाही.

मग धावाधाव झाली. शिंपीणबाई आल्या, दार फुटलं, स्ट्रेचर आलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. जिना उतरताना काकू स्ट्रेचरच्या कडेला धरून तणतणत होत्या, "कडी कशाला लावायची म्हणते मी! घरात आहेच कोण! घसा फाटेस्तोवर ओरडले, कुणाला खरं वाटेल तर शपथ!"

"मला वाटलं," नवरा डोळे मिटून म्हणाला. "मला सगळ्याच खऱ्या वाटायच्या. म्हणून तर गॅलरीत जायचो."

"हे आत्ता सांगताय?"



हाड बसवलं, पण छातीत कफ भरला. काकू हॉस्पिटलमधून परतल्या त्या एकट्या. हातातल्या पिशवीत त्याचा चष्मा आणि दाताची कवळी. तिथे त्यांच्या तोंडून हूं की चूं निघालं नव्हतं. नर्सला वाटलं, बाईला ऐकू गेलं नसावं, म्हणून तिने दोनदा सांगितलं.

त्या कुलपात किल्ली घालत होत्या, तेवढ्यात खालच्या कुठल्याशा घरात टीव्हीवर किंकाळी फुटली. सणसणीत, तरण्या गळ्याची.

धडाधड दारं उघडली. शिंपीणबाई टेप गळ्यात तशीच घेऊन वर धावल्या, हेडक्लार्क अनवाणी बाहेर आले.

"काकू! काय झालं?"

काकूंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"टीव्ही आहे तो," त्या म्हणाल्या. "जरा बारीक करा."