छतातला उजेड

२००९ सालच्या जून महिन्यातील दुसऱ्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, डेन्मार्कमधील युटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एका लहानशा बंदराच्या गावी, नगरपालिकेच्या कलासंग्रहालयात वास्तुकार आक्सेल राउनकिल्ड खिशात नकाराचे पत्र घेऊन आले.

पांढऱ्या विटा, उघडे काँक्रीट आणि छतात ओळीने बसवलेले काचेचे झरोके: चाळीस वर्षांपूर्वी उभारलेल्या या इमारतीइतके चांगले काही त्यानंतर त्यांच्या हातून झाले नव्हते. आता पालिकेला जलरंगांच्या दालनातील झरोके झाकायचे होते, आणि रचनाकाराच्या संमतीवाचून ते करता येत नव्हते.

संग्रहपाल बोडिलने कॉफी पुढे केली.

"नाही म्हणायला आलात ना?"

"म्हटलं, तोंडावर सांगावं."

"मग आधी एक चित्र बघा. नाही म्हणायला अख्खा दिवस पडलाय."

चित्र तिच्या आईने, गेर्डाने काढलेले होते. आपली सारी जलरंगचित्रे तिने गावाला दिली होती. इमारतीच्या तुळया चढल्या त्या दिवशी, प्रथेप्रमाणे वर हिरव्या पानांचे कडे टांगून कामगारांना बिअर आणि सॉसेज वाटले जात असताना, गेर्डाने वर पाहत विचारले होते, "आक्सेल, इथं ऊन थेट येईल. पडद्यांची काही सोय?"

"पडदे झोपायच्या खोलीला असतात, गेर्डा," ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले होते. सुतार पोट धरून हसले. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

बोडिलने चौकट उघडून चित्राभोवतीची पुठ्ठ्याची किनार उचलली. मधला समुद्र पाणी घातलेल्या चहासारखा फिका होता. किनारीखाली मात्र बोटभर रुंदीची गडद निळी पट्टी जशीच्या तशी होती.

"हा समुद्र असा निळा होता?"

"उद्घाटनाला तुम्ही याच्यासमोर तासभर उभे होतात."

उभे होते खरे. पण ते भिंतीवरचा उजेड पाहत होते.

त्यांनी खिशातले पत्र काढले, उलटे केले, कोऱ्या बाजूवर संमती लिहून सही केली.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आई बोलू द्यायची नाही. म्हणायची, माणूस आपल्या इमारतीवर खूश आहे, राहू दे."

"आणि आता?"

बोडिलने कागदाची घडी घातली. "पडदे पुढच्या चित्रांच्या कामी येतील. आईची विटून गेली."